स्टॅब्रोकचा बाजार आणि गिरमिटियांची वाट

मराठी वाचकाला जॉर्जटाउन हे नाव माहीत असेल तर ते बहुधा क्रिकेटमुळे. मार्च १९७१ मध्ये सुनील गावसकर यांनी आपले पहिले कसोटी शतक, ११६ धावांचे, याच शहरातल्या बोर्डा मैदानावर केले. त्याच मालिकेत वेस्ट इंडिजकडून रोहन कन्हाय खेळत होते. पुढे गावसकरांनी आपल्या मुलाचे नाव त्यांच्यावरूनच रोहन ठेवले. पण 'कन्हाय' हे आपल्या कानाला ओळखीचे वाटणारे नाव दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोहोचले कसे, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. त्याचे उत्तर शोधायला जॉर्जटाउनच्या स्टॅब्रोक बाजारापासून सुरुवात करणे सोयीचे आहे.

जॉर्जटाउन ही गयानाची राजधानी. नकाशात गयाना दक्षिण अमेरिकेत आहे, पण इतिहास, भाषा आणि क्रिकेट या सर्वच दृष्टींनी तो कॅरिबियन देश आहे. डेमेरारा नदी जिथे अटलांटिक महासागराला मिळते, तिथे हे शहर वसले आहे. डचांनी १७८४ मध्ये त्याला स्टॅब्रोक असे नाव दिले. इंग्रजांची सत्ता आल्यावर १८१२ मध्ये राजा तिसरा जॉर्ज याच्या नावावरून ते जॉर्जटाउन झाले. शहराची जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. त्यामुळे समुद्राला बांध घातलेला आहे आणि कालव्यांचे पाणी ओहोटीच्या वेळी सोडण्यासाठी झडपांचे दरवाजे आहेत. त्यांना तिथे 'कोकर' म्हणतात. हे बांध आणि कालवे प्रथम ज्यांनी खणले, ते आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते.

शहराचे जुने डच नाव आज बाजाराच्या रूपाने टिकून आहे. लोखंडी सांगाडा, पत्र्याचे छप्पर आणि वर घड्याळाचा उंच मनोरा असलेली स्टॅब्रोक बाजाराची इमारत १८८१ मध्ये पूर्ण झाली. आत सोनारांची दुकाने आहेत, कापड आहे, भांडीकुंडी आहेत आणि नदीकडच्या बाजूला मासळी. बाहेर मिनीबसची गर्दी आणि भाजीवाल्या बायका. त्यांच्या टोपल्यांतली नावे ऐकावीत : बैगन, करेला, सैजन म्हणजे आपला शेवगा, 'बोरा' म्हणजे चवळीच्या लांब शेंगा, आणि मसाल्यांत 'गीरा', म्हणजे जिरे. विकणारी आफ्रिकी वंशाची असो की भारतीय वंशाची, नावे हीच. ज्यांच्या घरातून भोजपुरी आणि उर्दू कधीच गेली, त्यांच्याही तोंडी स्वयंपाकघरातले शब्द उरले आहेत. बापाच्या आईला तिथे 'आजी' म्हणतात. तो शब्द भोजपुरीतून गेला आहे, पण मराठी माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

बाजाराच्या धक्क्यावरून छोट्या बोटी सतत नदीपलीकडे जात असतात. पलीकडच्या काठाचे नाव आहे व्ह्रीड-एन-हूप. डच भाषेत त्याचा अर्थ 'शांती आणि आशा'. या सुंदर नावाचा एक उसाचा मळा होता आणि तो जॉन ग्लॅडस्टन याच्या मालकीचा होता. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनचा हा बाप. १८२३ साली डेमेरारात गुलामांचा मोठा उठाव झाला. त्याची सुरुवात ज्या मळ्यावर झाली, तोही ग्लॅडस्टनचाच. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई दिली, ती गुलामांना नव्हे, मालकांना. सुमारे अडीच हजार माणसांच्या बदल्यात ग्लॅडस्टनला एक लाख पौंडांहून जास्त रक्कम मिळाली.

आता स्वस्त मजूर कुठून आणायचे? १८३६ मध्ये ग्लॅडस्टनने कलकत्त्याच्या एका व्यापारी पेढीला पत्र लिहून हिंदुस्थानातून माणसे मागवली. 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही दोन जहाजे १८३८ च्या जानेवारीत कलकत्त्याहून निघाली. ४१४ माणसे चढली, ३९६ जिवंत उतरली. त्यांत स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. ५ मे १८३८ रोजी ही जहाजे गयानाला लागली आणि त्यांतली काही माणसे व्ह्रीड-एन-हूपच्या मळ्यावर पाठवली गेली. पाच वर्षांच्या करारावर अंगठा उमटवलेला असायचा. ॲग्रीमेंटचे झाले गिरमिट आणि माणसे झाली गिरमिटिया. मारहाण आणि आजारपण यांच्या बातम्या इतक्या लवकर बाहेर आल्या की काही काळ ही वाहतूक थांबवावी लागली. १८४५ पासून ती पुन्हा सुरू झाली. १९१७ पर्यंत सुमारे २ लाख ३९ हजार भारतीय या एका वसाहतीत नेले गेले. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मायदेशी परतले. बाकीचे तिथलेच झाले.

या माणसांत मुसलमानही होते. बहुतेक जण आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधले. प्रत्येकाची नोंद झाली : नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव, अंगावरची खूण. जातीच्या रकान्यात 'मुसलमान', तर कुठे 'शेख', 'पठाण', 'जुलाहा'. करार करणाऱ्याला धर्माशी देणेघेणे नव्हते, ऊस तोडणारे हात हवे होते. पण जहाजावर एकाच भांड्यातले पाणी पीत महिनोन्‌महिने काढलेल्या माणसांत एक नवे नाते तयार झाले : 'जहाजी भाई'. गावी ज्याच्या सावलीची अडचण होती, तो इथे भाऊ झाला.

मोहरमचे ताजिये हे त्याचे उदाहरण. एकोणिसाव्या शतकात गयानाच्या मळ्यांवर ताजिये निघत, तेव्हा त्यात हिंदू मजूर असत, आफ्रिकी वंशाचे लोकही असत. आपल्या कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात ताबूत ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. विसाव्या शतकात ही प्रथा तिथे मागे पडली. पण घरगुती कार्यात वाटल्या जाणाऱ्या गोडाला 'शिरनी' म्हणायची रीत मात्र टिकली. आपल्या दख्खनी घरांतही तोच शब्द आहे.

हे चित्र केवळ गोड नाही, हेही सांगितले पाहिजे. गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकींनी चांगली मजुरी मागू नये, म्हणूनच मळेवाल्यांनी भारतीयांना आणले. १८३९ मध्ये ८३ मुक्त मजुरांनी पैसे एकत्र करून एक अख्खा मळा विकत घेतला होता. त्यांची ही ताकद मालकांना नको होती. दोन गरिबांना एकमेकांसमोर उभे करण्याच्या त्या धोरणाची फळे १९६२ ते ६४ च्या रक्तरंजित दंगलींत दिसली, आणि त्यांची कटुता आजही तिथल्या निवडणुकांत जाणवते. दोन्ही समाजांचे हाडवैर जन्मजात होते असे म्हणणाऱ्याने मळेवाल्यांच्या वह्या पाहाव्यात.

ही प्रथा बंद होण्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९१२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात गिरमिट पद्धत रद्द करण्याचा ठराव मांडला. भारतीय सदस्य त्यांच्या बाजूने उभे राहिले, पण सरकारी बहुमताने ठराव पाडला. पद्धत बंद झालेली पाहायला गोखले उरले नाहीत. १९१५ मध्ये ते वारले, आणि दोन वर्षांनी मजुरांची भरती थांबली. शाळेच्या पुस्तकात गोखले 'नेमस्त' म्हणून एका ओळीत संपतात. त्यांनी हजारो मैलांवरच्या अनोळखी मजुरांसाठी, हिंदू की मुसलमान हे न विचारता, सरकारला जाब विचारला होता, हे त्या ओळीत मावत नाही.

आज गयानात मुसलमान सुमारे ७ टक्के आहेत. फगवा आणि दिवाळीप्रमाणेच ईद-उल-अजहा आणि ईद-ए-मिलाद यांची तिथे राष्ट्रीय सुट्टी असते. ५ मे हा आगमन दिन म्हणून पाळला जातो. २०२० पासून राष्ट्राध्यक्ष असलेले इरफान अली हे त्या देशाचे पहिले मुस्लिम राष्ट्राध्यक्ष. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्लॅडस्टनच्या वंशजांनी जॉर्जटाउनला येऊन पूर्वजाच्या कृत्यांची जाहीर माफी मागितली.

गिरमिटियांची कहाणी आपल्याकडे सांगितली जाते तेव्हा तीत रामचरितमानस असते आणि ते योग्यच आहे, कारण अनेकांनी ते बरोबर नेले होते. पण त्याच जहाजात कुराणही होते. भूक, फसवणूक आणि चाबूक दोघांच्या वाट्याला सारखेच आले. मळ्यावरचा मुकादम दोघांनाही एकाच शब्दाने हाक मारी : कुली. त्या शब्दाखाली जी माणसे एकत्र आली, त्यांची आठवण काढताना आपण त्यांची वाटणी करू नये.