खालून घालायच्या दुर्बिणीची कुळकथा

मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उगवणाऱ्या मांसल कोंबांना पॉलिप म्हणतात. त्यांपैकी अस्तरातील ग्रंथींपासून वाढणारे, म्हणजे अ‍ॅडिनोमा जातीचे काही पॉलिप वर्षानुवर्षांच्या वाढीनंतर कर्करोगात बदलतात, आणि ते त्याआधीच हुडकणे हा कोलोनोस्कोपीचा, म्हणजे खालून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीचा, मोठा हेतू असतो.

या दुर्बिणीचे एक मूळ पंजाबातील मोग्याला जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानी यांच्यापाशी पोहोचते. बारीक काचतंतूंच्या जुडीतून वाकड्या वाटेनेही प्रतिमा नेता येते, हे त्यांनी व लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ साली 'नेचर' नियतकालिकात मांडले. त्याच तत्त्वावर बेझिल हिर्शोविट्झ यांनी १९५७ साली जठराची लवचीक दुर्बीण सिद्ध केली. वळणावळणाचे मोठे आतडे संपूर्ण पाहता येण्यास मात्र आणखी दशकभर लागले. पुढे १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी दुर्बिणीतूनच तारेचा फास सरकवून, त्यात वीजप्रवाह सोडून पॉलिप कापण्यास आरंभ केला, तेव्हा निदानाचे साधन उपचाराचेही झाले. या कुळातील सर्वांत मोठी घटना हीच मानावी लागेल, कारण पॉलिप दिसूनही तो काढण्यासाठी पोट उघडावे लागत असते, तर निरोगी माणसांच्या चाळणी तपासणीला फारसा अर्थ उरला नसता.

त्यानंतरच्या पद्धतींचा भर दिसण्यावर आहे. निळीच्या कुळातील इंडिगो कार्मीन हा रंग अस्तरावर फवारला की तो खाचांत साचतो आणि चपटे पॉलिप उठून दिसतात, परंतु संपूर्ण आतडे रंगवण्यात वेळ जातो. अरुंद पट्ट्याच्या प्रकाशात, म्हणजे नॅरो बँड इमेजिंगमध्ये, रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते असाच निळा व हिरवा प्रकाश वापरल्यामुळे रक्तवाहिन्या गडद दिसतात. पॉलिप कोणत्या जातीचा आहे हे ओळखण्यास ही पद्धत उत्तम असली, तरी तो शोधण्यात साध्या पांढऱ्या प्रकाशापेक्षा तिची आघाडी माफकच ठरली. संगणकाने पडद्यावर पॉलिपभोवती चौकट दाखवण्याच्या पद्धतीची चीनमध्ये चाचणी झाली, तीत अ‍ॅडिनोमा सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले. मात्र ही वाढ मुख्यतः अगदी लहान पॉलिपांची होती.

यंत्रांच्या या चढाओढीत हाताचे महत्त्व झाकले जाते. अस्तराची खरी पाहणी दुर्बीण मागे घेताना होते, आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, मागे घेण्यास सरासरी सहा मिनिटे वा अधिक वेळ देणाऱ्या डॉक्टरांना २८.३ टक्के, तर घाई करणाऱ्यांना ११.८ टक्के रुग्णांत अ‍ॅडिनोमा सापडले. आदल्या दिवशीचे जुलाबाचे औषध रुग्णाने अर्धवट घेतले, तर महागडा प्रकाशही मळाखालचे काही दाखवू शकत नाही.

मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. अशा नोंदींत दिसणारे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी असल्याने, २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचीच चाळणी तपासणी आली. त्यामुळे मुंबईच्या चारकोपसारख्या उपनगरातही ही दुर्बीण बहुधा तक्रार उद्भवल्यावरच घातली जाते. शौचावाटे रक्त पडू लागल्यास मूळव्याध गृहीत धरून वाचकाने महिने दवडू नयेत, आणि आईवडिलांना वा भावंडांना हा कर्करोग झालेला असल्यास, तक्रार नसतानाही, तपासणी कोणत्या वयात करावी हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.