लेण्यातील सत्तर हजार : एका संख्येचा पडताळा

बौद्ध साहित्याला मोठ्या संख्यांचे वावडे नाही. ‘ललितविस्तर’ ग्रंथात बोधिसत्त्व कोटीपासून शंभरपटीच्या तेवीस पायऱ्या चढून ‘तल्लक्षणा’पर्यंत जातो, आजच्या पद्धतीने ती संख्या एकावर ५३ शून्ये देऊन लिहावी लागेल. आम्हांला येथे मात्र महाराष्ट्राच्या पाषाणात कोरलेल्या, व्यवहारातील एका संख्येचा विचार करावयाचा आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील १० क्रमांकाच्या विहारात क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांतील एका लेखात ७०,००० कार्षापणांच्या दानाची नोंद आहे. ही संख्या प्रथम शब्दांत व नंतर अंकांत दिली असून, एका सुवर्णास ३५ कार्षापण या दराने ती २,००० सुवर्णांचे मूल्य होते, असेही नमूद आहे. त्या अंकलेखनात शून्य नव्हते. दहाई, शेकडा व हजार यांची स्वतंत्र चिन्हे जोडून संख्या लिहीत. तरीही ३५ ला २,००० ने गुणले असता नेमके ७०,००० येतात. या संख्येत ७ हा अवयव एकदा, तर २ आणि ५ हे प्रत्येकी चार वेळा येतात. म्हणूनच ३५ ने भागताना बाकी उरत नाही. शब्द, अंक आणि दर अशा तीन साक्षी असल्याने एकीतील चूक उरलेल्या दोघी उघड करतात. सोने व चांदी यांच्या नाण्यांतील प्रमाणाचा प्रश्न बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयावरील आपल्या ग्रंथात हाताळला, हे वाचकांना स्मरत असेल.

येथे सत्य सांगणे आवश्यक आहे. हे सत्तर हजार भिक्खुसंघास मिळालेले नाहीत. ते देव व ब्राह्मण यांना दिल्याचे लेखच सांगतो. चातुर्दिश संघाच्या वाट्यास विहाराबरोबर आली ती ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी. म्हणून मोठ्या आकड्याने भारावून न जाता आम्ही या लहान आकड्याकडे वळतो.

त्यांपैकी २,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे दरमहा दरशेकडा एक या व्याजाने ठेवले होते. जालना हे जुने व्यापारी शहर. मस्तगड परिसरातील वाचकांना हा हिशेब सहज उमगेल. वर्षाचे व्याज २४० होते. वर्षावासातील २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते, तेही २४०च. उरलेले १,००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने होते. त्यांचे वार्षिक व्याज ९०. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज उपभोगावयाचे, अशी अट होती. हा व्यवहार निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदविला गेला.

तल्लक्षणाची भव्यता मनाला विस्तार देते. परंतु वीस भिक्खूंच्या अंगावरील चीवर या २४०च्या काटेकोरपणावर अवलंबून होते. दान सर्वांसमक्ष वाचले जावे, लिहिले जावे आणि कोणालाही पडताळता यावे, ही रीत आमच्या आजच्या विहारांच्या जमाखर्चालाही तितकीच लागू आहे.