पिता, पुत्र आणि प्रश्न : सुभेदार रामजी व भीमराव यांच्या संबंधाचा एक अभ्यास

प्रस्तावना

पालक आणि पौगंडावस्थेतील पाल्य यांच्या संबंधांचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने मानसशास्त्र व शिक्षणशास्त्र या विद्याशाखांनी केला आहे. इतिहासलेखनात कुटुंब येते ते बहुधा थोर व्यक्तीच्या चरित्राचे पहिले प्रकरण म्हणून. तेथे वडिलांचा त्याग आणि मुलाची आज्ञाधारकता यांच्या वर्णनापलीकडे विवेचन सहसा जात नाही. प्रस्तुत लेखात सुभेदार रामजी मालोजी सकपाळ आणि त्यांचे पुत्र भीमराव, म्हणजेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१-१९५६), यांच्या संबंधाचा या अंगाने पुनर्विचार केला आहे. मुलाचा विरोध ऐकून घेण्याची आणि त्यासाठी स्वतःचे उत्तर बदलण्याची वडिलांची तयारी हे या संबंधाचे खरे बळ होते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

या विषयाची मुख्य साधने दोन. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ मध्ये लिहिलेली प्रस्तावना हे पहिले, आणि धनंजय कीर यांचे चरित्र हे दुसरे. ही साधने मुलाच्या बाजूची व पुष्कळ वर्षांनंतरची आहेत, हे अभ्यासकाने विसरता कामा नये.

दुरावा

रामजी सैन्यात सुभेदार होते व लष्करी शाळेत त्यांनी अध्यापन केले होते. निवृत्तीनंतर हे कुटुंब काही काळ दापोलीस व पुढे साताऱ्यास राहिले. तेथे भीमरावांच्या मातोश्री भीमाबाई निवर्तल्या आणि मुलांचा सांभाळ आत्या मीराबाईंकडे आला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. वडील मात्र नोकरीनिमित्त पुष्कळदा दूर असत.

पुढे रामजींनी दुसरा विवाह केला. आईच्या जागी दुसरी स्त्री आलेली भीमरावांना रुचली नाही. वडिलांवर अवलंबून राहावयाचे नाही, मुंबईस जाऊन गिरणीत काम करावयाचे, असा त्यांनी निश्चय केला. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी काढून घेण्याचा ते रात्रीमागून रात्री प्रयत्न करीत राहिले. अखेर ती हाती आली, तेव्हा तीत अवघा अर्धा आणा निघाला. या फजितीनंतर त्यांनी बेत सोडून अभ्यासाकडे लक्ष वळविले, असे कीर नमूद करतात. स्वावलंबनाची ओढ शिक्षणाकडे वळली ती अशी. ज्या घटनेतून ती उत्पन्न झाली, ती मात्र पित्याविषयीचा रोष हीच होती. या संबंधाचा आरंभ निरपवाद सलोख्यात शोधणे म्हणूनच अनैतिहासिक ठरेल.

सहवास

रामजींनी मुलाला उपदेशापेक्षा वेळ अधिक दिला. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके व तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ते स्वतः करून घेत. मुंबईत परळच्या चाळीत कुटुंबास एकच खोली होती. मुलगा लवकर निजे, वडील जागत बसत आणि पहाटे दोनच्या सुमारास त्याला अभ्यासास उठवून मग स्वतः पाठ टेकीत. पुस्तकांचा खर्च निवृत्तिवेतनात भागत नसे. अशा वेळी ते विवाहित मुलींकडे जाऊन उसने पैसे आणीत किंवा त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवीत. भावाच्या शिक्षणास बहिणींचाही असा हातभार लागला होता. मुलावर पित्याचा धाक होता, पण आपल्यासाठी कोण किती झिजते हे त्याला प्रत्यक्ष दिसत होते.

एकच प्रश्न दोनदा

रामजी कबीरपंथी होते. रात्री निजण्यापूर्वी मुलांनी रामायण-महाभारताचा काही भाग घरात जमलेल्यांना वाचून दाखवावा, असा त्यांचा दंडक होता. भीमरावांच्या परीक्षेतील यशाबद्दल समाजाने सभा घ्यावयाचे ठरविले, तेव्हा मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून त्यांनी प्रथम नकार दिला. स्नेही कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी रदबदली केली, तेव्हा ते राजी झाले. प्रस्तावनेत हा प्रसंग इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरचा म्हणून येतो, तर चरित्रात तो १९०७ च्या मॅट्रिकनंतरचा आहे. या सभेत केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले.

ते वाचल्यावर भीमरावांनी वडिलांना विचारले, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची मानखंडना आहे, ते आम्ही का वाचावे? असे प्रश्न विचारू नयेत, सांगितले तसे करावे, एवढेच उत्तर मिळाले. काही काळाने मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी वडील उत्तराची तयारी करून बसले होते, असे प्रस्तावनेत म्हटले आहे. अस्पृश्य म्हणून तुमच्या मनात न्यूनगंड उत्पन्न होण्याचा संभव आहे; द्रोण, कर्ण, वाल्मीकी सामान्य स्थितीतून किती उंचीस पोहोचले ते पाहून तो दूर व्हावा, हा त्यांच्या उत्तराचा आशय होता. भीमरावांना त्यात तथ्य वाटले, समाधान मात्र झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण, राम यांविषयीची नापसंती त्यांनी उघड बोलून दाखविली. त्यावर वडील गप्प राहिले. हे बंड आहे, हे त्यांनी ओळखले होते.

पहिल्या व दुसऱ्या उत्तरांमधील अंतर येथे महत्त्वाचे आहे. कडक शिस्तीच्या, लष्करी संस्कारांच्या पित्याने मुलाचा प्रश्न मनात वागविला आणि आज्ञेऐवजी कारण दिले. ते कारणही साधे नव्हते. मुलाला समाजात सोसावा लागणारा अपमान वडील जाणून होते, याची ती कबुली होती. ते कारण मुलाने नाकारल्यावर त्यांनी शिक्षा केल्याची नोंद नाही. आपल्याला वडिलांपाशी थोडे मोकळेपण घेता येई, कारण आई लहानपणीच गेली होती, असे बाबासाहेबांनीच लिहिले आहे.

समारोप

मतभेद पुढेही राहिले. १९१३ च्या आरंभी भीमराव बडोदा संस्थानच्या सेवेत गेले ते वडिलांच्या इच्छेविरुद्ध. थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजारपणाची तार आली. परतताना सुरतेस वडिलांसाठी मिठाई घेण्यास ते उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी ते घरी पोहोचले, तेव्हा वडील अखेरच्या घटका मोजीत होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी भीमराव कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

या एका उदाहरणावरून सर्वसामान्य नियम काढणे उचित होणार नाही. तथापि महाविद्यालयात येणारा विद्यार्थी याच वयाचा असतो, आणि त्याच्या प्रश्नास उद्धटपणा समजण्याची सवय घरी तशीच वर्गातही आढळते. रामजींचे पहिले उत्तर त्या काळच्या कोणत्याही पित्याचे होते. दुसरे उत्तर देता आले, याचे कारण मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारण्याचे धैर्य केले आणि वडिलांनी मधल्या काळात त्यावर विचार केला. पालक-पाल्य संबंधांच्या इतिहासाने अशा मधल्या काळाची दखल घेणे आवश्यक आहे.