उंधेऱ्याचे चार आकडे

प्लेगची लस मुंबईत तयार झाली, तेव्हा ती गुणकारी आहे हे ठरवायचे कसे, हा प्रश्न लस बनवण्याइतकाच अवघड होता. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली आणि त्यांच्यात रोग कमी आढळला. पण पुढे येणारे कैदी मुळातच धडधाकट असले तर? तुरुंगातील आकड्यांनी ही शंका फिटत नव्हती.

म्हणून आम्हांला फेब्रुवारी १८९८ मधील उंधेऱ्याचा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. बडोदे संस्थानातील या गावात प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली. घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच! (प्लेगशी पिसवांचा संबंध तेव्हा सर्वमान्य नव्हता.) पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग झाला, त्यांची गणती अशी :

टोचलेले : आजारी ८, निरोगी ६३, एकूण ७१
न टोचलेले : आजारी २७, निरोगी ३७, एकूण ६४

लस निरुपयोगी असती, तर १३५ पैकी ३५ आजारी हेच प्रमाण दोन्ही ओळींत पडले असते. म्हणजे टोचलेल्यांत सुमारे १८ आजारी. प्रत्यक्षात ८ होते. हा फरक योगायोगाचा असेल काय? त्यासाठीची कार्ल पिअर्सन यांची काय-वर्ग कसोटी १९०० साली, उंधेऱ्यानंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाली. ती येथे लावल्यास उत्तर सुमारे १६.८ येते. नुसत्या योगायोगाने ३.८४ च्या वर जाण्याचा संभव शंभरात पाचच. विद्यार्थ्यांनी हे फळ्यावर करून पाहावे.

आजारी पडलेल्यांचे पुढे काय झाले? टोचलेल्या ८ पैकी ३ दगावले, न टोचलेल्या २७ पैकी २६. कोष्टक पटते ते या सव्वीस माणसांमुळे, हे मांडताना विसरवत नाही.

वर्गासाठी उदाहरण जवळचे घ्यावे. अंजनगाव सुर्जीकडे पानमळे आहेत. वेलांना मर लागते ती पाणी साचल्याने काय, हे तपासायचे आहे. निचरा असलेले मळे आणि नसलेले मळे यांची तुलना केली, तर भायखळ्याचीच अडचण येईल : निचरा राखणारा मळेकरी इतर निगाही राखतो. तेव्हा एकाच मळ्यातील निम्म्या वाफ्यांत चर काढावेत, निम्मे तसेच ठेवावेत, आणि हंगामाअखेर दोन्हींकडील मेलेले व जगलेले वेल मोजावेत.