फाटक्या थैलीचे मोल

दिवाळीची झाडलोट सुरू झाली, की फडताळातली टवका उडालेली, तडा गेलेली भांडी बाहेर निघतात. फुटके भांडे घरात ठेवू नये, हा आपला जुना दंडक. जपानी लोकांनी मात्र तडा गेलेले एक मातीचे भांडे सुमारे चारशे वर्षे जिवापाड जपले आहे.

हे भांडे म्हणजे ‘मिझुसाशी’, चहाच्या समारंभातले थंड पाण्याचे पात्र. किटलीत भर घालायला आणि पेला विसळायला पाणी घ्यायचे ते यातूनच. उंची जेमतेम वीतभर. ते घडले इगा प्रांतात, सतराव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास. तिथली माती प्रखर आच सोसणारी. भट्टीत लाकडांचा जाळ दिवसचे दिवस धगधगत ठेवायचा. ज्वाळांबरोबर उडालेली राख भांड्यावर बसे आणि वितळून तिची हिरवी काच होई. या काचेला जपानी लोक ‘बिदोरो’ म्हणतात. हा मूळचा पोर्तुगीज शब्द ‘विद्रो’. गोव्याहून मकावमार्गे नागासाकीला जहाजे जात, त्या काळात तो तिकडे रुजला. आपला ‘पाव’ आणि जपान्यांचा ‘पान’ हेही असेच एका पोर्तुगीज घरचे भाऊ!

अग्नीने रंग दिला, तसा घावही दिला. भट्टीत हे भांडे खाली बसले, फुगले आणि त्याच्या पोटाला मोठाल्या चिरा पडल्या. म्हणून त्याचे नाव ‘याबुरेबुकुरो’, फाटकी थैली.

चहाविद्येचे थोर आचार्य सेन नो रिक्यू यांचे शिष्य फुरुता ओरिबे हे एक सरदार होते. ओनो हारुफुसा यांना त्यांनी लिहिलेले पत्र या भांड्यासोबत असे. त्याचा आशय असा, की यापुढे असे भांडे होणे नाही. मोठा तडा आहे खरा, पण तेवढा चालवून घ्यावा.

१६१५ साली ओसाकाचा किल्ला पडला. शत्रूशी संधान बांधल्याच्या आरोपावरून ओरिबे यांना देहान्ताची आज्ञा झाली. पत्र तीनशे वर्षे टिकले, पण १९२३ च्या महाभूकंपातील आगीत तेही जळाले. भांडे आज टोकियोच्या गोतो संग्रहालयात आहे.

तड्यासाठी रदबदली करणारे पत्र राहिले नाही, आणि रदबदलीची गरजही राहिली नाही. पाहणाऱ्याची नजर आधी त्या तड्याकडेच जाते आणि तिथेच रमते. ओरिबे यांनी दोष लपवला नाही आणि दोषापायी गुणही नाकारला नाही. फडताळ आवरताना एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.