पाठ फिरविणारें घड्याळ

वेळ समजण्यापुरतेंच पाहिलें तर मनगटी घड्याळाचें काम आतां संपलें आहे. खिशांतला मोबाईल कोणत्याही उंची घड्याळाहून अचूक वेळ दाखवितो. असें असतांही नव्वद वर्षांपूर्वींचें एखादें घड्याळ हस्तगत करण्यासाठीं शहाणींसुरतीं माणसें लिलावांत चढाओढ करितात. हा श्रीमंतांचा षोक म्हणून मोडींत काढणें सोपें आहे. परंतु ज्या वस्तूचा उपयोग सरला तिची ओढ कां सरत नाहीं, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकानें टाळण्यासारखा नाहीं. आम्ही येथें एकच घड्याळ विचारास घेतों. त्याचें नांव रिव्हर्सो. तें घडलें स्वित्झर्लंडांत. पण त्याच्या जन्मास निमित्त झालें हिंदुस्थानांतील एक क्रीडांगण.

पहिल्या महायुद्धापूर्वीं पुरुषाचें घड्याळ बहुधा खिशांत असे. मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. खंदकांत लढणाऱ्या शिपायास खिसा चांचपण्याची सवड नव्हती, म्हणून घड्याळ मनगटावर आलें. पण खिशाचा आसरा सुटतांच त्याची कांच उघडी पडली. पोलोच्या मैदानावर हें वैगुण्य विशेष जाणवे. इंग्रजांनीं हा खेळ उचलला तोही हिंदुस्थानांतूनच. मणिपुरी स्वारांचा खेळ पाहून त्यांनीं १८५९ सालीं सिलचर येथें पोलो क्लब स्थापिला, आणि पुढें हा खेळ गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांच्या अंगवळणीं पडला.

कारखान्याकडून चालत आलेली हकीकत अशी: १९३०-३१ च्या हिवाळ्यांत सेझार द त्रे नांवाचे स्विस व्यापारी हिंदुस्थानांत आले असतां एका अधिकाऱ्यानें सामन्यांत कांच फुटलेलें आपलें घड्याळ त्यांस दाखविलें, आणि असे तडाखे सोसील असें घड्याळ करून दाखवा, असें आव्हान दिलें. द त्रे यांनीं ही गोष्ट ल सांतिए येथील कारखानदार जाक-दाव्हिद लकूल्त्र यांच्या कानीं घातली. रचनेचें काम रने-आल्फ्रेद शोवो यांजकडे गेलें, व ४ मार्च १९३१ रोजीं पॅरिसमध्यें पेटंटाचा अर्ज दाखल झाला. हकीकतीस आधार परंपरेचा आहे. अर्ज मात्र कागदोपत्रीं आहे.

युक्ति कागदावर साधी दिसते. चौकोनी डबी एका पाळण्यांत बसविलेली असते. ती बाजूस सरकवावी, उलटी करावी, आणि पुन्हां जागेवर सरकवावी, म्हणजे तबकडी मनगटाकडे जाते आणि पोलादी पाठ बाहेर येते. नांवही लॅटिन भाषेंतील ह्याच क्रियेवरून घेतलेलें. गंमत अशी कीं, आरंभीच्या रिव्हर्सोंतील यंत्रें लकूल्त्र यांची नव्हतींच. तीं बाहेरून घेतलेलीं होतीं. कारखान्याचें स्वतःचें यंत्र तींत बसलें तें १९३३ सालीं. म्हणजे ह्या घड्याळाचें आकर्षण यंत्राच्या श्रेष्ठतेंत आरंभीं नव्हतें. तें त्या उलटण्यांत होतें.

पुढें जें घडलें तें कोणीं योजिलें नव्हतें. मार झेलण्यासाठीं केलेली कोरी पाठ मालकांस लिहिण्याची पाटी वाटूं लागली. कोणी तीवर नांवाचीं आद्याक्षरें कोरविलीं, कोणी घराण्याचें चिन्ह. अमेरिकन सेनापति मॅकआर्थर यांच्या घड्याळावर त्यांचीं आद्याक्षरें होतीं. तें २०१५ सालीं लिलावांत आलें तेव्हां कारखान्यानेंच विकत घेतलें. १९३६ सालच्या एका रिव्हर्सोच्या पाठीवर तर हिंदी स्त्रीची मीनाकारींतील तसबीर आहे. जी बाजू जगाच्या तडाख्यांसाठीं होती तीच मालकाची खाजगी बाजू झाली.

कालांतरानें ह्या घड्याळाचें चलन ओसरलें. १९६९ च्या नाताळांत जपानच्या सेको कंपनीनें क्वार्ट्‌झचें मनगटी घड्याळ बाजारांत आणिलें, आणि चावीच्या घड्याळांवर संकट ओढवलें. १९७२ सालीं एका इटालियन विक्रेत्यास कारखान्यांत रिव्हर्सोच्या सुमारें दोनशें रिकाम्या डब्या पडून असलेल्या दिसल्या. त्यानें त्या घेऊन त्यांत यंत्रें बसविलीं, आणि महिन्याभरांत सर्व घड्याळें खपलीं. उपयोगाची स्पर्धा जेथें हरली तेथेंच स्मृतीचा व्यापार सुरू झाला.

ह्यांत आम्हांस एक बोंच जाणवते. द त्रे, शोवो, लकूल्त्र हीं नांवें राहिलीं. फुटकें घड्याळ दाखविणारा अधिकारी अनाम राहिला. आणि ज्यांच्या खेळावरून हें सर्व घडलें ते मणिपुरी स्वार तर कथेंत कोठेंच येत नाहींत. जाहिरातींत हिंदुस्थान केवळ एक रम्य पडदा होऊन उरतो. त्याचा खोटा अभिमान नको व खोटा रागही नको. पण वस्तूचा इतिहास सांगावयाचा तर तो पुरता सांगावा.

म्हणूनच जाणते संग्राहक घासूनपुसून चकचकीत केलेल्या डबीपासून दूर राहतात. ओरखडा पुसला कीं साक्षीदार मुका होतो. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं आजोबांचें एखादें बंद पडलेलें घड्याळ पेटींत असेल. तें रिव्हर्सो असण्याचें कारण नाहीं. मात्र झिलई देण्यासाठीं कारागिराच्या हातीं सोंपविण्यापूर्वीं त्याची पाठ एकदां उजेडांत धरून पाहावी. तेथें कांहीं कोरलेलें असलें तर तें वाचावें. कांहींच नसलें तर ओरखडे तरी मोजावे.