गाड्यांचा संवाद आणि गणिताची कसोटी

चिपळूण : कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर चिपळूण स्थानकात गाड्यांचे क्रॉसिंग नेहमीचेच. एक गाडी थांबते, दुसरी पुढे जाते. अशा मार्गावर एखादा संदेश हरवला, उशिरा पोहोचला किंवा कोणी बनावट संदेश धाडला, तर प्रश्न शेकडो प्रवाशांच्या प्राणांचा होतो. म्हणूनच यंत्रांमधील संवादाचे नियम, म्हणजेच ‘प्रोटोकॉल’, निर्दोष आहेत काय, हे गणिताने सिद्ध करण्याच्या संशोधनाला महत्त्व आले आहे.

गाड्यांनी परस्परांशी रेडिओद्वारे बोलावे, ही कल्पना कोकण रेल्वेला नवी नाही. तत्कालीन व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांच्या पुढाकाराने ‘रक्षा कवच’ हे टक्करविरोधी उपकरण येथेच विकसित झाले. उपग्रहाद्वारे स्वतःचे स्थान ओळखून सुमारे तीन किलोमीटर परिसरातील अन्य उपकरणांशी ते संपर्क साधत असे. ईशान्य सीमा रेल्वेवर त्याचा प्रायोगिक वापर झाला. मात्र प्रत्यक्ष परिचालनात अडचणी आल्या. पुढे वेगळ्या रचनेची ‘कवच’ यंत्रणा तयार झाली आणि २०२० मध्ये ती राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारण्यात आली.

चाचणी आणि सिद्धता

चाचणीत निवडक प्रसंग तपासले जातात. गणिती पडताळणीत मात्र नियमांची प्रतिकृती संगणकात मांडून, शत्रू संदेश ऐकू, अडवू वा बदलू शकतो असे गृहीत धरून, सर्व शक्यता पडताळल्या जातात. याची गरज एका प्रसिद्ध उदाहरणाने पटते. नीडहॅम आणि श्रोडर यांनी १९७८ मध्ये परस्परांची ओळख पटविण्याचा प्रोटोकॉल मांडला. त्यातील सार्वजनिक किल्लीवर आधारित पद्धतीत तिसरा इसम तोतयेगिरी करू शकतो, हे गॅव्हिन लो यांनी १९९५ मध्ये दाखविले. नियम मोजकेच होते. तरी उणीव १७ वर्षे लपून राहिली.

रेल्वेच्या बाबतीतही असेच घडले. गाडी व नियंत्रण केंद्र यांच्यातील ‘युरोरेडिओ’ या युरोपीय प्रोटोकॉलची बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी ‘प्रोव्हेरिफ’ या साधनाने तपासणी करून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. बहुतांश सुरक्षा भक्कम आढळली. परंतु संदेश गायब केल्यास ते कळत नाही आणि तातडीचे संदेश बनावट धाडता येतात, असे दिसून आले.

बदल केला की पुन्हा परीक्षा

मूळ प्रोटोकॉल सिद्ध झाला, तरी स्थानिक गरजेनुसार त्यात फेरफार होतात. एखादा संदेश वाढविला, एखादी तपासणी वगळली, की जुनी सिद्धता जशीच्या तशी लागू पडत नाही. असे बदल करतानाच सिद्धता कशी टिकवावी, हा पीएचडीनंतरच्या संशोधनाचा आज महत्त्वाचा विषय आहे. राज्यात पवईच्या आयआयटीतील संशोधकांनी सॉफ्टवेअरच्या गणिती पडताळणीवर दीर्घकाळ काम केले आहे.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. सिद्धता गृहीतकांपुरतीच खरी असते. किल्ली चोरीस गेली, प्रतिकृतीत एखादी बाब राहून गेली किंवा दरड कोसळून मार्गच बंद झाला, तर गणित मदतीला येत नाही. तथापि कोणत्या गृहीतकांवर आपली सुरक्षा उभी आहे, हे ते स्पष्टपणे सांगते. आणि कोठे पहारा ठेवायचा, हे त्यावरूनच ठरविता येते.